नट ते दिग्दर्शक: आल्ती कार्लियेव यांच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

1948 साली तुर्कमेनिस्तानच्या अश्गाबात स्टुडिओत ‘दूरची नवरी’ हा संगीतप्रधान विनोदी चित्रपट झाला. दिग्दर्शक होते येवगेनी इवानोव्ह-बार्कोव्ह आणि प्रमुख नटांपैकी एक आल्ती कार्लियेव. नऊ वर्षांनी, 1957मध्ये, त्याच स्टुडिओच्या ‘विशेष कामगिरी’ या चित्रपटावर दिग्दर्शक म्हणून ही दोन्ही नावे शेजारी शेजारी लागली. पुढे 1965मध्ये कार्लियेव यांनी ‘निर्णायक पाऊल’ हा दोन भागांचा चित्रपट एकट्याने उभा केला. तेव्हा त्यांचे वय 56 होते.

त्यांच्याकडे मानसन्मानाची उणीव नव्हती. ‘दूरची नवरी’साठी 1949मध्ये स्टालिन पुरस्कार मिळालेला होता आणि 1955मध्ये ‘सोव्हिएत संघाचा लोककलावंत’ ही नटाला मिळू शकणारी सर्वोच्च पदवीही. असा माणूस पन्नाशीच्या उंबरठ्यावर नवे काम शिकायला का बसतो? महत्त्वाकांक्षा हे उत्तर सोपे आहे, पण त्याने या कारकिर्दीतल्या तारखांचा उलगडा होत नाही. त्या तारखा स्टुडिओच्या इतिहासाशी ताडून पाहिल्या की चित्र बदलते. दिग्दर्शकाची जागा रिकामी होती. तुर्कमेन भाषा आणि चित्रीकरणाचा सेट, दोन्ही आतून ठाऊक असलेली माणसे तेव्हा मोजकी होती आणि त्यांतले हे एक.

घडण: रंगभूमीची पहिली पिढी

कार्लियेव (तुर्कमेन उच्चारात गार्लियेव) यांचा जन्म 1909चा. अश्गाबातमध्ये 1926 साली नाट्यशिक्षणाचा स्टुडिओ निघाला आणि त्यातूनच 1929मध्ये व्यावसायिक तुर्कमेन नाट्यगृह उभे राहिले. ते पुढे एकोणिसाव्या शतकातला कवी मोल्लानेपेस याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याआधी तुर्कमेन लोकांकडे बख्शी होते, म्हणजे दुतार हे दोन तारांचे वाद्य घेऊन रात्र रात्र दास्तान, म्हणजे लांबलचक कथागीते, गाणारे गायक. पण पडदा, प्रकाश, पाठ केलेले संवाद आणि रोजचा प्रयोग ही शिस्त नवी होती. कार्लियेव या पहिल्या पिढीतले. पुढचे शिक्षण त्यांनी कॅस्पियन ओलांडून बाकूच्या नाट्यशाळेत घेतले. अझरबैजानी आणि तुर्कमेन या दोन्ही तुर्की कुळातल्या एकाच, ओघुझ गटातल्या भाषा असल्याने तिथले शिकवणे थेट कानात उतरत होते. मॉस्कोत आधी रशियन शिकावी लागली असती.

या पिढीच्या नटाला एक अडचण होती, तिची दखल सहसा घेतली जात नाही. तुर्कमेन लिपी त्यांच्या डोळ्यांदेखत दोनदा बदलली. बालपणी अरबी, 1920च्या दशकाच्या अखेरीस लॅटिन, 1940पासून सिरिलिक. नाटकाच्या नकला नव्याने लिहून काढाव्या लागत आणि जुन्या वहीतला संवाद नव्या मुलांना वाचता येत नसे. साहजिकच पाठांतर कानाने चालायचे: एकाने म्हणायचे, दुसऱ्याने धरायचे. बोलीचा ठेका ऐकून पकडण्याची ही सवय पुढे दिग्दर्शनात उपयोगी पडणारी होती.

पडद्यावर ते 1930च्या दशकातल्या ‘उंबार’पासून दिसू लागले. त्या काळात अश्गाबातच्या चित्रपटांचे दिग्दर्शक, छायाचित्रकार आणि बरेचदा नायिकाही बाहेरून येत. 1940च्या ‘दुर्सून’ या चित्रपटात तुर्कमेन नायिकेची भूमिका निना अलिसोव्हा या रशियन अभिनेत्रीने केली. स्थानिक नटाला अशा वेळी अभिनय तर करायचाच, शिवाय तुर्कमेन न जाणणाऱ्या दिग्दर्शकाला वाक्य कुठे ओढायचे आणि कुठे तोडायचे हेही सांगायचे. दिग्दर्शनाचे पहिले धडे इथेच मिळतात, श्रेयनामावलीत नाव न लागता.

युद्ध, भूकंप आणि रिकामी वर्षे

1941मध्ये जर्मन फौजा पुढे सरकल्या तशी कीव्हची चित्रपटसंस्था सगळ्या लवाजम्यासह अश्गाबातला हलवली गेली. मार्क दोन्स्कोय यांनी ‘इंद्रधनुष्य’ (1943) हा युक्रेनच्या गोठलेल्या गावातला चित्रपट इथल्या चाळीस अंशांच्या उन्हात केला. बर्फ म्हणून मीठ, कापूस आणि डांबराच्या गोळ्यांचा चुरा पसरला होता आणि नट मेंढीच्या कातड्याचे कोट घालून उभे होते. मिठाची चमक आणि कापसाचा मऊपणा कॅमेऱ्यात एक होतो, पण घामाचा एक थेंब सगळे उघडे पाडतो. म्हणून अशा ठिकाणी टेक छोटे ठेवायचे आणि प्रत्येक टेकआधी चेहरा कोरडा करायचा. लहान प्रजासत्ताकाच्या स्टुडिओला मोठ्या कामाची पद्धत इतक्या जवळून पुन्हा पाहायला मिळाली नसती.

मग 6 ऑक्टोबर 1948च्या पहाटे सव्वाच्या सुमारास भूकंप झाला, तीव्रता 7.3. कच्च्या विटांचे शहर झोपेतच कोसळले. मृतांचे अंदाज एक लाख दहा हजारांपर्यंत जातात, आणि सोव्हिएत वृत्तपत्रांनी हा आकडा कित्येक वर्षे छापला नाही. स्टुडिओही ढिगाऱ्यात गेला. म्हणजे कार्लियेव यांना स्टालिन पुरस्कार मिळाला तेव्हा तो चित्रपट जिथे घडला ते शहरच उभे नव्हते. पुरस्कारांच्या यादीत हे दिसत नाही. कारकिर्दीचा आलेख काढणाऱ्याने मात्र ते विसरू नये.

आपत्तीवर धोरणाची भर पडली. स्टालिनच्या अखेरच्या वर्षांत ‘थोडे पण उत्कृष्ट’ चित्रपट काढायचे असे ठरले आणि 1951 साली संपूर्ण सोव्हिएत संघात अवघे 9 कथापट झाले. त्यात अश्गाबातसारख्या स्टुडिओच्या वाट्याला काय येणार? वार्तापट चालू राहिले, कथापट थांबले. चाळिशीतल्या, नावारूपाला आलेल्या नटाची ऐन उमेदीची वर्षे रंगमंचावर गेली. पडदा त्या काळात जवळजवळ बंदच होता.

1953नंतर धोरण पालटले. प्रत्येक प्रजासत्ताकाने वर्षाला ठरावीक कथापट द्यावेत अशी अपेक्षा आली आणि ‘मेंढपाळाचा मुलगा’ (1954), ‘म्हाताऱ्या अशीरची युक्ती’ (1955) असे चित्रपट निघू लागले. पण योजना आली तरी माणसे कुठून आणायची? मॉस्कोच्या चित्रपट संस्थेत शिकणारी तुर्कमेन पिढी, म्हणजे बुलात मन्सुरोव्ह आणि खोजाकुली नार्लियेव, 1937 साली जन्मलेली. ती तयार होऊन यायला 1960 उजाडले. 1954 ते 1960 या मधल्या खिंडीत अनुभवी नटाला दिग्दर्शक करणे हाच व्यवहार्य मार्ग होता, आणि 1957 हे साल त्या खिंडीच्या बरोबर मध्ये येते.

नटाला काय येत नव्हते

सहदिग्दर्शनाची पायरी शहाणपणाची होती. इवानोव्ह-बार्कोव्ह मूळचे कलादिग्दर्शक, फ्रेमची रचना हा त्यांचा प्रांत. कार्लियेव यांचा प्रांत माणसे आणि बोली. नटाला दिग्दर्शक होताना जे शिकावे लागते त्यात अभिनय जवळपास नसतोच. शिकावी लागते ती लांबी.

सोव्हिएत पद्धतीत आधी साहित्यिक पटकथा स्टुडिओच्या कलामंडळापुढे जाई, तिथून मंजुरीसाठी वर. मग दिग्दर्शकाने आपली पटकथा बनवायची. ती तक्त्याच्या रूपात असे: शॉटचा क्रमांक, चौकटीचा आकार, मजकूर, ध्वनी, आणि प्रत्येक शॉटसमोर मीटरमधली लांबी. 35 मि.मी. फिल्म सेकंदाला 24 फ्रेम या वेगाने 456 मि.मी. सरकते. 300 मीटरचे एक रीळ म्हणजे साधारण अकरा मिनिटे. रंगमंचावर वाढलेला नट वाक्याआधी पाच सेकंद थांबतो, कारण शेवटच्या रांगेपर्यंत शांतता पोचायला तेवढा वेळ लागतो. फिल्मवर ते पाच सेकंद म्हणजे 2.28 मीटर. चित्रपटात असे शंभर विराम आले तर 228 मीटर होतात, म्हणजे एका रिळाचा तीन चतुर्थांश भाग नुसत्या थांबण्यात गेला. कागदावर ठरलेली लांबी आणि सेटवर आलेली लांबी जुळली नाही की संकलनात कात्री विरामांवर चालत नाही, अख्ख्या प्रसंगांवर चालते. नटांमधून आलेल्या दिग्दर्शकांचे चित्रपट मध्येच उड्या मारल्यासारखे वाटतात, त्याचे हे एक नेहमीचे कारण. उपाय साधा आहे: तालमीत स्टॉपवॉच लावायचे आणि चित्रीकरणापूर्वीच विराम कापायचे.

दुसरी गोष्ट, त्या काळी सेटवर काय चित्रित झाले ते तिथल्या तिथे दाखवणारा मॉनिटर नव्हता. नेगेटिव्ह धुऊन प्रिंट येईपर्यंत कॅमेरामनचा शब्द प्रमाण. दूरच्या वाळवंटात चित्रीकरण असेल तर फिल्म जाऊन परत येण्यात दिवस जायचे आणि तोवर तंबू हललेले, उंट परत गेलेले असायचे. नटाला प्रयोग तिथल्या तिथे अंगावर जाणवण्याची सवय असते. ती सोडून कॅमेरामनच्या नजरेवर विसंबणे हा या बदलातला सगळ्यात अवघड भाग म्हणावा लागेल.

‘निर्णायक पाऊल’: मोठा घास

चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला ती बेर्दी केर्बाबायेव यांची, तुर्कमेन गद्यातली पायाभूत. 1940पासून दीडेक दशकात ती भागाभागांनी पूर्ण झाली आणि मध्येच, 1948मध्ये, तिला स्टालिन पुरस्कारही मिळाला. कथा तेजेनच्या खोऱ्यात घडते. 1916मध्ये झारने मध्य आशियातल्या पुरुषांना आघाडीमागच्या मजुरीसाठी पकडून न्यायचा हुकूम काढला, त्याविरुद्धचा उठाव, मग क्रांती आणि यादवी. नायक आर्तिक, त्याची प्रिया आयना. हा इतिहास भारताला अगदीच परका नाही. 1918मध्ये तेजेनवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर काहका आणि दुशाक इथे बोल्शेविकांविरुद्ध लढलेल्या ब्रिटिश तुकडीत 19वी पंजाबी पलटण होती.

कादंबरीत पात्रे ढीगभर, काळ काही वर्षांचा, भूगोल गावापासून आघाडीपर्यंत. चित्रपट दोन भागांचा करूनही सगळे मावणे शक्य नव्हते. अशा रूपांतरात दोन वाटा असतात. एक, घटना जास्तीत जास्त ठेवायच्या आणि माणसे पुसट होऊ द्यायची. दुसरी, एक चेहरा धरायचा आणि इतिहास त्याच्या आजूबाजूने वाहू द्यायचा. नट असलेल्या दिग्दर्शकाचा ओढा दुसऱ्या वाटेकडे असतो. आर्तिकच्या भूमिकेत बाबा अन्नानोव्ह होते. नायक कोण हे इथे सर्वांत महत्त्वाचे, कारण कादंबरीतला आर्तिक आधी चुकीच्या बाजूला जातो आणि उशिरा वळतो. ते वळण संवादात सांगितले की भाषण होते. ते चेहऱ्यावर दिसावे लागते.

आता सेटवरची एक गोष्ट जवळून पाहू. तुर्कमेन पुरुषाच्या डोक्यावर तेल्पेक असते, लांब लोकरीची मेंढीच्या कातड्याची टोपी, वीतभर उंच. चारचौघांत ती काढणे रीतीला धरून नाही, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक प्रसंगात ती असणारच. काराकुम वाळवंटात दुपारी सूर्य डोक्यावर आला की लोकरीची सावली थेट डोळ्यांवर पडते आणि कृष्णधवल फिल्मवर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे उरतात. ज्या चेहऱ्यावर सगळी भिस्त, तोच हरवतो. टोपी मागे सारली तर कॅमेऱ्याला बरे, पण तुर्कमेन प्रेक्षकाला ती चुकीची बसलेली लगेच कळते. मग छातीच्या उंचीवरून चंदेरी रिफ्लेक्टर धरावा लागतो, नाहीतर महत्त्वाचे क्लोजअप सकाळी लवकर आणि संध्याकाळच्या तिरक्या उन्हासाठी राखून ठेवावे लागतात. रिफ्लेक्टर जास्त जवळ आणला की नट डोळे बारीक करतो आणि तो करारी दिसण्याऐवजी त्रासलेला दिसतो. चौकटीचीही पंचाईत होते: पूर्ण तेल्पेक दाखवायचे तर चेहरा खाली सरकतो आणि चेहरा मोठा घ्यायचा तर टोपी कापावी लागते. घट्ट क्लोजअपमध्ये टोपी बिनदिक्कत कापावी, मधल्या चौकटीत कधीच कापू नये. तिथे ती कापली की माणूस छताला टेकल्यासारखा दिसतो.

स्त्रियांच्या बाबतीत यश्माक. विवाहित स्त्री सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर रुमालाचे टोक दातांत धरते आणि बोलत नाही. अर्धा चेहरा झाकलेला, आवाज नाही, म्हणजे अभिनेत्रीच्या हाती डोळे आणि हात एवढेच. रंगमंचावर हे पाचव्या रांगेपलीकडे पोचत नाही. पडद्यावर मात्र तेच सर्वांत बोलके होऊ शकते. 1972मध्ये नार्लियेव यांच्या ‘सून’ या चित्रपटाने हे शिखराला नेले, त्यात माया-गोझेल आयमेदोव्हा यांनी साकारलेली सून जवळजवळ न बोलता सगळा चित्रपट तोलते. तो नव्या पिढीचा, कॅमेऱ्यातून आलेल्या दिग्दर्शकाचा चित्रपट. नटांच्या पिढीला शब्द सोडवत नव्हते, हा फरक मान्य करायला हवा.

वाळूचा बंदोबस्त हे आणखी एक रोजचे काम. एक कण फिल्मगेटमध्ये, म्हणजे फिल्म जिथून सरकते त्या कॅमेऱ्यातल्या चौकटीत, अडकला की अख्ख्या रिळावर उभा ओरखडा उठतो आणि तो नेगेटिव्हवर असल्याने पुसता येत नाही. म्हणून प्रत्येक मॅगझिन (फिल्म भरलेली पेटी) बदलताना गेट ब्रशने साफ करायचे, मॅगझिन काळ्या पिशवीत आणि वाऱ्याकडे पाठ करून भरायचे, कच्ची फिल्म सावलीत ओल्या नमद्याखाली ठेवायची. घोडदळाचा प्रसंग असेल तर पहिल्या टेकच्या धुळीने दुसरा टेक अर्धा तास लांबतो. दिवसाला किती मीटर चित्रित करायचे याचा हिशेब मांडताना हा अर्धा तास धरला नाही की वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात कोसळते.

दोन भाषांत एक चित्रपट

प्रजासत्ताकाचा चित्रपट देशभर जायचा तो रशियन डबिंगमधून. अश्गाबात आणि खेड्यांत तुर्कमेन आवाज, बाकी सगळीकडे मॉस्कोतल्या किंवा लेनिनग्राडमधल्या नटांचा. मराठीसारखेच तुर्कमेन वाक्याचे क्रियापद शेवटी येते, त्यामुळे नट वजन शेवटच्या शब्दावर टाकतो आणि हाताची हालचालही तिथेच पूर्ण होते. रशियन वाक्यात तो अर्थ कधीच सांगून झालेला असतो. हात उठतो तेव्हा वाक्य संपलेले, आणि अभिनय विनाकारण मोठा वाटू लागतो. तुर्कमेन नटांवर ‘नाटकी’ असा शिक्का बसतो त्यातला बराच भाग या विसंगतीचा आहे. जाणता दिग्दर्शक महत्त्वाचे वाक्य पाठमोरे किंवा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर घेतो, म्हणजे दोन्ही भाषांत ते बसते.

‘मख्तुमकुली’ (1968) करताना हीच अडचण दुप्पट झाली असणार. अठराव्या शतकातला हा कवी, ‘फ्रागी’ या नावाने लिहिणारा, तुर्कमेन माणसाला तोंडपाठ. योमूत, तेके, गोकलेन या टोळ्यांनी एक व्हावे असे त्याने लिहिले, ते आजही सभेत म्हटले जाते. ज्याच्या ओळी प्रेक्षक नटाच्या आधी म्हणतो, त्याची भूमिका आणि दिग्दर्शन दोन्ही कठीण. ओळ डबिंगमध्ये बदलली की कविता जाते, तशीच ठेवली की रशियन प्रेक्षकाला फक्त सूर ऐकू येतो. शिवाय कवीचे त्याच्या काळातले चित्र नाही. चित्रकार आयखान खाजियेव यांनी 1940च्या दशकात कल्पनेने रंगवलेला चेहराच लोकांच्या मनात बसलेला, आणि पडद्यावरचा कवी त्याच्याशी ताडून पाहिला जाणार हे ठरलेले.

शेवटचा चित्रपट ‘मुकामचे रहस्य’. मुकाम म्हणजे दुताराचे अभिजात वादन. दुताराला दोनच तारा, तुतीच्या लाकडाचा भोपळा, पूर्वी तारा रेशमाच्या, नंतर पोलादाच्या. इथे शब्दाची जागा संगीताने घेतली, त्यामुळे डबिंगचा प्रश्न बराचसा सुटला. नट म्हणून शब्दाने सुरू झालेली कारकीर्द संगीताच्या विषयापाशी पोचली, हे आम्हाला या प्रकरणातले सर्वांत लक्षणीय वळण वाटते. कार्लियेव डिसेंबर 1973मध्ये वारले.

मागे काय उरले

‘तुर्कमेनफिल्म’ स्टुडिओला पुढे त्यांचे नाव दिले गेले. स्वातंत्र्यानंतर 1990च्या दशकाच्या अखेरीस हा स्टुडिओ बंद करण्यात आला, 2001मध्ये ऑपेरा आणि बॅलेवरही बंदी आली. 2007नंतर चित्रपटनिर्मिती सरकारी चौकटीत पुन्हा सुरू झाली, पण मधल्या दशकात कामाची साखळी तुटली. सेटवर उभे राहून शिकण्याची जी वाट कार्लियेव यांना मिळाली होती, तीच नेमकी बंद पडली.

त्यांचे काम आज पाहायचे तर एक क्रम सुचवावासा वाटतो. आधी ‘दूरची नवरी’ पाहावा, त्यात ते कॅमेऱ्यासमोर कसे हलतात ते कळते. मग ‘निर्णायक पाऊल’चे दोन्ही भाग, सलग न पाहता दोन दिवसांत. इंटरनेटवर बहुधा रशियन आवृत्तीच भेटते. तिथे एखादा प्रसंग आवाज बंद करून पाहावा आणि हात वाक्याच्या कुठल्या टोकाला उठतो तेवढे टिपावे. तुर्कमेन आवाजातली प्रत मिळाली तर तोच प्रसंग पुन्हा लावावा.